मावशींची पोटगी

मी लातूरला गेले होते डॉक्टर व्हायला आणि झाले वकील. याला माझे बारावीचे मार्क जितके जबाबदार, तितक्याच मावशी. आज नांदेडला माझ्या ऑफिसात एखादी बाई येते, खुर्चीच्या काठावर बसते आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत विचारते, "मॅडम, घटस्फोट झाल्यावर पोटगी मागितली तर लोक हसतील का?" तेव्हा मी कायद्याचं पुस्तक उघडत नाही. मावशी जे म्हणायच्या तेच थोडं शहरी करून सांगते. बाईला पटतं. पुस्तकातलं वाचून दाखवलेलं कुणाला पटल्याचं मला तरी आठवत नाही.

मावशी म्हणजे माझी घरमालकीण. भूकंप होऊन गेला होता, पत्र्याच्या शेडमधली माणसं हळूहळू नव्या घरांत जात होती आणि इकडे लातूरच्या मुलांचे फोटो पेपरात झळकायला लागले होते. भोकर, कंधार, देगलूर, सगळीकडून आईबाप ट्रंक आणि लेकरू एकाच रिक्षात घालून लातूरला आणून सोडत होते. गल्लीत ज्याच्याकडे खोली जास्तीची, त्यानं पाटी लावलेली : 'मुलांसाठी रूम, घरगुती जेवण, चोवीस तास पाणी'. यातली शेवटची गोष्ट बहुधा खोटी असायची. मावशींच्या पाटीवर नुसतं 'मुलींसाठी' एवढंच लिहिलेलं होतं. काय मुलींसाठी, ते आत जाऊन विचारावं लागे, आणि एकदा आत आलेल्या मुलीला मावशी सहसा परत जाऊ देत नसत.

त्या उदगीरकडच्या व्यापारी घरातल्या. ठेंगण्या, कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी आलेला भाजीवाला आपोआप भाव कमी करायचा. राग आला की कानडीत पुटपुटायच्या. ते आम्हाला कळत नसे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळायची इच्छाही होत नसे. भाकरी मात्र अशी करायच्या, की भोकरला सुट्टीत गेल्यावर मी आईच्या हातची भाकरी खाताना नुसतं "हं" म्हटलं आणि आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला घराचे कायदे सांगितले. दाराला कडी लावायची नाही. चपला काढताना पुढची बाजू रस्त्याकडे करून ठेवायच्या, म्हणजे पळताना पाय सरळ आत जातो. आणि तिसरा कायदा सगळ्यांत मोठा. एका खोलीत दोघी राहायच्या, तर त्यांनी एकमेकींची जोडी समजायची. जमीन हलली तर आपल्या जोडीदारणीचं नाव घेऊन हाक मारायची, तिची 'ओ' ऐकायची आणि मगच बाहेर पळायचं.

"आधी नाव, मग पाय," मावशी म्हणायच्या. "आन् नाव म्हंजी नाव. 'ए' न्हाई, 'अगं' न्हाई."

हे नुसतं सांगून त्या थांबत नसत. रविवारी दुपारी जेवून आम्ही जरा आडव्या झालो, की परातीवर लाटणं बडवायच्या. आम्ही एकमेकींची नावं ओरडत, ओ देत, रस्त्यावर येऊन उभ्या राहायचो. माझी जोडीदारीण कंधारची होती. तिला झोपेतून उठून ओ द्यायला वेळ लागायचा, त्यामुळे मी कायम शेवटी बाहेर पडायचे आणि मावशी मला म्हणायच्या, "तू मेलीस, पर चांगली मेलीस." शेजारपाजारचे लोक सुरुवातीला हसले. पुढे आमची नावं त्यांनाही पाठ झाली.

भाकऱ्या थापताना मावशींचं तोंड चालायचं. इतर घरमालकिणी सासूबद्दल बोलायच्या, मावशी पोटगीबद्दल. त्यांचा काडीमोड झालेला होता आणि कोर्टाच्या हुकमानं त्यांना दर महिन्याला पोटगी मिळायची. हे त्या कुणापासून लपवत नसत. उलट नवीन मुलीच्या आईला चहा देतानाच सांगून टाकायच्या. एकदोन आयांनी तेवढ्यावरून ट्रंक परत रिक्षात ठेवली होती.

"पोरीनो, पोटगी म्हंजी भीक न्हाई आन् दंडबी न्हाई," त्या सांगायच्या. "त्याची कमाई काय, तिची काय, दोघं संगं व्हते तवा घरात काय शिजत व्हतं, लेकरं कुणाकडं हायती, तब्येत कशी हाय, हे समदं बगून जज ठरवतो. राजीखुशीनं सोडचिठ्ठी झाली तरी मागता येते. एकरकमी घ्या न्हाईतर म्हैन्याला घ्या. ती दुसऱ्याच्या घरात नांदाया गेली की बंद."

"आणि नवऱ्याचा पगार वाढला तर?" कंधारची विचारायची. तिला अभ्यासापेक्षा हेच आवडायचं.

"तर वाढवून मागायची. त्याचा पगार घटला, न्हाईतर बाई कमवाया लागली, तर त्यानं कमी करून मागायची. कोर्टाचा हुकूम दगडावरचा न्हाई, मान्साचे दिवस बदलले की हुकूमबी बदलतो. आन् थकवली तर कोर्टातून वसूल व्हती, पर बाईनं टायमावर अर्ज दिला तर. रुसून घरी बसली तर कोर्ट समजूत काढाया येत न्हाई." मग भाकरी तव्यावर टाकून, सगळ्यांत मोठी गंमत शेवटी राखून ठेवल्यासारख्या, म्हणायच्या, "आन् ध्यानात ठेवा, हिंदू विवाहाच्या कायद्यात नवराबी बायकोकडं पोटगी मागू शकतो."

यावर आम्ही पोट धरून हसायचो. मला रसायनशास्त्रातला एकही नियम इतक्या सहज पाठ झाला नाही. दुपारी गल्लीतल्या बायका धुणं वाळत घालता घालता येऊन विचारायच्या, "आमच्या नणंदेचं असं असं हाय," आणि मावशी तिला नवऱ्याच्या पगाराचा कागद कुठून मिळवायचा इथपासून सगळं समजावून सांगायच्या. फी म्हणून निवडायला तांदूळ द्यायच्या.

ज्या माणसाकडून मावशींना पोटगी मिळायची त्याला आम्ही 'अमावास्या' म्हणायचो, कारण तो अमावास्येला यायचा. तसे ते मुनीमजी. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडत दुकानावर हिशेब लिहायचे. मोंढा अमावास्येला बंद असतो, म्हणून तो दिवस. उंच, वाकलेले, पांढरं धोतर, कानावर सुट्टीच्या दिवशीही पेन. ते फाटकाशी येऊन उभे राहायचे, घसा साफ करायचे आणि मावशींना त्यांच्या नावानं हाक मारायचे. पूर्ण नावानं, गल्लीला ऐकू जाईल अशी.

ते नाव मी इथं लिहीत नाही. ते घ्यायचा हक्क कुणाचा, ते पुढे येईलच.

मावशी ओ द्यायच्या नाहीत. हातातलं काम सावकाश संपवायच्या, पदर खोचायच्या आणि दारात येऊन उभ्या राहायच्या. मुनीमजी पाकीट पुढे करायचे. मावशी ते न मोजता देव्हाऱ्यात ठेवायच्या आणि त्यांना पायरीवर बसवून चहा द्यायच्या. बोलणं फारसं नाही. मुनीमजींना बायकोला 'तू' म्हणायची सवय, आणि ती बायको तर आता राहिलेली नव्हती, म्हणून ते 'तू' आणि 'तुम्ही' दोन्ही टाळून बोलायचे. "तब्येत बरी ना?" "पाऊसपाणी बरं यंदा." चहा संपला की कपबशी स्वतः विसळून पायरीवर पालथी घालून जायचे.

"मावशी, ते हाक मारतात तर तुम्ही ओ का देत नाही?" मी एकदा विचारलं.

"त्यानं हाक मारायची असं ठरलंय. म्या ओ द्यायची असं कुटं ठरलंय?"

हे ठरलं कसं, ते मला पुढे तुकड्यातुकड्यानं कळलं. भूकंप झाला त्या पहाटे मावशी आणि मुनीमजी अजून औशालाच राहत होते. घर हललं. फळीवरची भांडी खाली आली. मावशी आतल्या खोलीत होत्या आणि चौकटीत दार अडकलं. धडपड करून दार उघडून त्या बाहेर आल्या, तर सगळी गल्ली रस्त्यावर आणि मुनीमजी लिंबाच्या झाडाखाली उभे. त्यांच्या हातात रेडिओ. मुनीमजी रोज सकाळी त्यावर बाजारभाव ऐकायचे.

घराला काही झालं नाही, नुसती एक भेग पडली. माणसांना तर ओरखडाही नाही. त्याच पहाटे जवळच्या गावांत अख्खी घरंच्या घरं गेली होती, त्यामुळे मावशींनी आपलं दुःख बोलून दाखवायचंही राहून गेलं. पण त्या रेडिओशी त्यांचं मन पुन्हा जुळलं नाही. दोन वर्षं त्यांनी वाट पाहिली की हा माणूस त्याबद्दल कधीतरी काही बोलेल. मुनीमजी बाजारभाव ऐकत राहिले. शेवटी मावशी म्हणाल्या, मला सोडचिठ्ठी पाहिजे. कोर्टात कारण विचारलं तर म्हणाल्या, "रेडिओ." वकिलानं पुढे होऊन 'स्वभाव न जुळणे' असं सांभाळून घेतलं.

मुनीमजींची बाजू मी एकदा त्यांच्याच तोंडून ऐकली. मावशी देवळात गेल्या होत्या आणि ते पायरीवर वाट बघत बसले होते. मी पाणी दिलं. ते पेल्यात बघत म्हणाले, "हाक मारली व्हती मी. दोनदा मारली. 'अगं ए, बाहीर ये' म्हणून. समद्या गल्लीतले गडी तेच वरडून राहिले व्हते. कुणाची 'अगं' कोण, कसं कळावं? नाव घेऊन मारायची व्हती, पर घेतलंच नव्हतं ना कधी. तोंडात आलंच न्हाई."

हे मी मावशींना जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला ठाव हाय. म्हणूनच तर ठरवलंय."

ठरवलं होतं ते असं. समझोत्याच्या वेळी वकिलानं पोटगीची रक्कम लिहिली, तेव्हा मावशी म्हणाल्या, यात अजून एक लिहा. दर अमावास्येला स्वतः यायचं आणि फाटकातून माझं नाव घेऊन हाक मारायची. वकील म्हणाला, "बाई, कोर्ट पैसे द्यायला लावील. हाक मारायला कसं लावील?" मावशी म्हणाल्या, "मग पैसे कमी लिहा आन् हाक तोंडी कबूल करून घ्या." आणि खरोखरच त्यांनी रक्कम कमी करून घेतली. वकील पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट बार रूममध्ये सांगायचा. मी वकील झाल्यावर मलाही त्यानं सांगितली, मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं केलं.

वेळ अमावास्येच्या सणाला मुनीमजी पाकिटाबरोबर डबाही आणायचे. त्या दिवशी लातूर निम्मं रिकामं असतं, सगळे शेतात जेवायला गेलेले. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी आपल्या शेतात नेतंच. मुनीमजी कुणा शेतकऱ्याकडे जेवून परत येताना आमच्यासाठी भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबिलाचा तांब्या घेऊन यायचे. मावशी तो डबा आमच्यात वाटून टाकायच्या आणि म्हणायच्या, "खा, हे व्याज हाय." स्वतः मात्र उंडा तोडून एक घास खाऊन बघायच्या आणि मीठ कमी असल्याचं मुनीमजींना ऐकू जाईल असं सांगायच्या. मुनीमजींचा चेहरा त्या दिवशी फुललेला असायचा.

मी बारावीत असताना मात्र गडबड झाली. मोंढ्यातलं ते दुकान भावाभावांत वाटलं गेलं आणि मुनीमजींचा पगार जवळपास निम्मा झाला. इकडे मावशींनी वर दोन खोल्या चढवल्या, मुली वाढल्या, दारातल्या चपला पायरीवरून रस्त्यावर उतरल्या. मुनीमजींच्या थोरल्या भावानं त्यांना वकिलाकडे नेलं आणि पोटगी बंद करण्याचा अर्ज टाकला. पुढच्या अमावास्येला मुनीमजींनी हाक मारली, पाकीट दिलं, चहा न घेताच अर्जाचं सांगितलं आणि मान खाली घालून निघून गेले.

गल्लीतल्या बायका जमल्या. सगळ्यांचा एकच सल्ला, मेस लपवा. पोरी भाच्या-पुतण्या म्हणून सांगा, पाटी काढून टाका. कंधारच्या मुलीनं तर नातं पाठ करायला सुरुवातही केली, ती मावशींच्या मावसबहिणीची मुलगी होणार होती. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि पाटी काढायला चढलेल्या शेजारणीला खाली उतरवलं.

दोन दिवसांनी त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी समोर पुस्तक घेऊन. एकदम म्हणाल्या, "कायद्यानं त्याचं बरोबर हाय."

"मग?"

"मग काय? पोटगी पोटासाठी असती. माजं पोट भरलं. त्याचं मातूर खाली व्हत चाललंय. मी कशी न्हाई म्हणू?" त्यांनी एक खडा उचलून लांब फेकला. "पर पैसा बंद झाला की त्याला यायचं कारण न्हाई उरत. एकटी बाई ऱ्हाती इथं. कुणी नाव घेऊन हाक मारत न्हाई मला. तुम्ही मावशी म्हणता, भाजीवाला आक्का म्हणतो, माहेरी आत्या झाले. म्हैन्यातून एकदा माजं नाव ऐकू येतं, तेवढंच." एवढं बोलून त्या उठल्या आणि आमटीत नेहमीपेक्षा जास्त तिखट घातलं. मी पुस्तक मिटून उरलेले तांदूळ निवडले.

तारखेच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. परीक्षा तोंडावर आलेली, आम्ही सगळ्या घरीच. दुपारी भांडी खणखणली. आम्हाला वाटलं परात. पण मावशी तर चुलीपाशी होत्या आणि परात भिंतीला टेकून आपली आपण वाजत होती. मी कंधारचीचं नाव घेतलं. जन्मात पहिल्यांदा तिनं ताबडतोब ओ दिली. सगळ्या धडाधड रस्त्यावर. सगळीकडून नावं, सगळीकडून ओ. मोजून बघितलं तर सगळ्या होत्या. नव्हत्या फक्त मावशी. त्यांना जोडीदारीणच नव्हती. इतक्या रविवारी परात वाजली, पण त्यांचं नाव कुणी घ्यायचं, हे आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

आम्ही "मावशी, मावशी" करून ओरडायला लागलो. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाकडून हाक आली. मावशींचं नाव. पुन्हा नाव. मुनीमजी धोतर गुडघ्यापर्यंत धरून पळत येत होते. पायांत काही नाही, कानावर पेन. मोंढा आमच्या घरापासून दोन-तीन गल्ल्या लांब आहे, आणि हादरा तर चार श्वासांचा. म्हणजे दुकानात गादीवर बसल्या जागेवरून उठले ते थेट पळतच आले होते. फाटकाशीही थांबले नाहीत, नाव घेत घेत सरळ स्वयंपाकघरात शिरले.

आत मावशी चूल विझवत होत्या. हातात पळी. त्यांनी ओ दिली नाही. मुनीमजींच्या धुळीनं भरलेल्या पायांकडे बघितलं, मग त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "आज अमावास्या न्हाई."

"न्हाई," मुनीमजी धापा टाकत म्हणाले. "अजून लई दिवस हायती."

मावशींनी त्यांना पायांवर घ्यायला पाणी दिलं. भिंतीला भेगसुद्धा पडली नव्हती. पेपरात दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी आल्या.

तारखेला मी मावशींबरोबर कोर्टात गेले. परीक्षेचा अभ्यास सोडून गेले, आणि त्याचा परिणाम निकालात व्यवस्थित दिसला. मावशींनी वकिलाला बोलूच दिलं नाही. जजसाहेबांना म्हणाल्या, "साहेब, माजी मेस हाय, वर खोल्या हायती, पोरी पैसे देतात. ह्यांचा पगार घटला हे खरं हाय. पोटगी बंद करा, माजी तक्रार न्हाई." वकिलानं कपाळावर हात मारला आणि तेच मजकुरात बसवून पुरशीस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, लिहून दिली. मावशींनी सही केली. जजसाहेबांनी मुनीमजींना विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का? मुनीमजींनी तोंड उघडलं, मावशींकडे बघितलं आणि काहीच नाही म्हणून मान हलवली. काम तिथंच संपलं. बाहेर पडून दोघं दोन दिशांनी गेले.

पुढे त्या दोघांनी पुन्हा लग्न केलं का, असं लोक मला विचारतात. नाही केलं. मावशी म्हणायच्या, एकदा मिटवलेलं खातं कोण परत उघडतंय.

पण मला सांगायचंय ते त्या नंतरच्या अमावास्येचं. माझी परीक्षा संपली होती, ट्रंक बांधून तयार होती, भोकरची गाडी दुपारची होती. मावशी सकाळपासून चुलीपाशी. भाकऱ्या थापत होत्या आणि एकही भाकरी गोल येत नव्हती. पोटगीवर एक अक्षर नाही. चहाचं आधण मात्र ठेवलेलं होतं, आटलं की त्यात पाणी घालायच्या. नेहमीची वेळ टळली. कंधारची माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे. मावशी म्हणाल्या, "कशाला फाटकाकडं बगून राहिल्या? गाडी चुकंल तुजी." आणि आधणात पुन्हा पाणी घातलं.

मग फाटक वाजलं. कुणीतरी घसा साफ केला. मावशींचा हात परातीत तसाच थांबला.

मुनीमजींनी नाव घेतलं. पूर्ण नाव, गल्लीला ऐकू जाईल असं. हातात पाकीट नव्हतं, ते मला खिडकीतून दिसत होतं.

आणि मावशी काम संपवायला थांबल्या नाहीत, पदर खोचला नाही, पीठ भरलेल्या हातांनी बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "ओ."